गोष्ट दोन ओळींची, मारामारी पंधरा मिनिटांची: जुने कुंग फू चित्रपट कसे पाहायचे

गुरूला कोणीतरी दगा देऊन मारतं. चेला जीव वाचवून पळतो, एखाद्या मठात नाहीतर बेवड्या म्हाताऱ्याकडे शिकतो, परत येतो आणि हिशेब चुकता करतो. १९७० च्या दशकात हाँगकाँगमधून निघालेल्या कुंग फू चित्रपटांपैकी ढीगभर चित्रपटांची कथा एवढीच. तरीही पन्नास वर्षांनंतर ते पाहिले जातात, त्यांच्या स्वच्छ केलेल्या प्रती निघतात, त्यांवर तासन्‌तास वाद घातले जातात. ‘डोकं बाजूला ठेवून बघायची मजा’ हे त्याचं नेहमीचं स्पष्टीकरण. पण ज्यांना हे चित्रपट खरोखर आवडतात ते डोकं बाजूला ठेवत नाहीत. संवादांवरचं लक्ष काढून ते हातापायांवर ठेवतात, कारण चांगल्या कुंग फू चित्रपटात कथा मारामारीच्या आत घडते.

सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण घेऊ. १९७२ चा ‘वे ऑफ द ड्रॅगन’, रोमचं कोलोसियम, ब्रूस ली विरुद्ध चक नॉरिस. आधी दोघं एकमेकांसमोर शांतपणे अंग मोकळं करतात. लढत सुरू होते आणि ब्रूस ली चक्क मार खातो. समोरचा अंगाने मोठा, लाथेची पोच लांब, आणि ब्रूस ली त्याच्या टप्प्यात उभा राहून लढतोय. खाली पडतो, उठतो, आणि मग पायांची चाल बदलतो. चवड्यांवर हलकं नाचायला लागतो. दोघांमधलं अंतर आता क्षणाक्षणाला बदलतंय, त्यामुळे नॉरिसची लाथ जिथे पोचते तिथे कोणी नसतंच. पुढचं सगळं या एका बदलातून येतं. शेवटी हात-पाय निकामी झालेला नॉरिस तरीही उभा राहतो, ब्रूस ली मान हलवून ‘नको’ म्हणतो, तो ऐकत नाही, मरतो. ब्रूस ली त्याचा डगला आणि काळा पट्टा त्याच्या अंगावर ठेवतो. अडचण, फसलेला उपाय, नवा उपाय, त्याची किंमत: कथेला लागतं ते सगळं इथे आहे. संवाद मात्र जवळजवळ नाहीत.

हे एकदा दिसलं की कुठलीही लढत पाहताना दोन प्रश्न आपोआप पडायला लागतात. अंतर कोणाच्या सोयीचं आहे? आणि मघापेक्षा आता कोण काय वेगळं करतंय? ज्या लढतीत दुसऱ्या प्रश्नाला कधीच उत्तर मिळत नाही ती लढत कंटाळवाणी होते, मग त्यात कितीही कोलांट्या असोत.

आता बाहेरची गोष्ट इतकी बारीक का ठेवता आली, ते पाहू. एक तर प्रेक्षकाला ती आधीच पाठ होती. चीनवरची मांचू राजवट, तिने जाळलेला शाओलिन मठ, जीव वाचवून दक्षिणेत पसरलेले शिष्य, ही दंतकथा हाँगकाँगमध्ये कोणाला समजावून सांगावी लागत नव्हती. दक्षिण चीनमधल्या फोशानचा वैद्य आणि मल्ल वाँग फेई-हुंग याच्यावर १९४९ पासून चित्रपट निघत होते. क्वान ताक-हिंग या नटाने ही एकच भूमिका सत्तरहून अधिक चित्रपटांत केली. इतक्या ओळखीच्या माणसाची ओळख करून देण्यात रीळ कशाला घालवायचं?

दुसरं कारण कारखान्याचं. शॉ ब्रदर्स कंपनीने क्लिअरवॉटर बे इथे उभारलेला स्टुडिओ १९६१ मध्ये सुरू झाला. तिथे खानावळ, अंगण, राजवाडा, गावचा रस्ता हे सगळे सेट कायमचे उभे. नट करारावर, पुष्कळ जण स्टुडिओच्याच खोल्यांत राहायला. तेच अंगण तुम्हाला दहा चित्रपटांत दिसेल, कधी नुसते कंदील बदललेले. चित्रीकरण बहुतेक मुकं व्हायचं आणि आवाज नंतर भरला जायचा. म्हणजे ओठ आणि शब्द जुळत नाहीत म्हणून इंग्रजी डबिंगला हसणाऱ्यांनी मूळ मँडरिन प्रतही एकदा पाहावी. तिथेही आवाज मागाहूनच चढवलेला असतो. लढतीसाठी मात्र ही मुकी पद्धत वरदान ठरली. सेटवर आवाज नोंदवायचाच नाही, तर फाइट मास्टर कॅमेरा चालू असताना खुशाल ओरडून ताल मोजू शकतो.

हे फाइट मास्टर आले कुठून? ढोबळमानाने दोन वाटांनी. एक वाट पेकिंग ऑपेराच्या, म्हणजे चिनी संगीत-नाट्याच्या, शाळांची. हाँगकाँगमधल्या यू जिम-युएन यांच्या शाळेत लहानपणापासून कोलांट्या, काठी, गाणं, तोंड रंगवणं, सगळं छडीच्या धाकाने शिकवलं जाई. जॅकी चॅन, सॅमो हुंग, युएन बियाओ, कोरी युएन ही सगळी त्याच शाळेची पोरं. दुसरी वाट गुरुपरंपरेची. लाउ कार-लिउंग हे आधी फाइट मास्टर होते आणि पुढे दिग्दर्शक झाले. त्यांचे वडील लाम साय-विंग यांचे शिष्य, आणि लाम हे खुद्द वाँग फेई-हुंग यांचे शिष्य. ऑपेरावाल्यांच्या लढती उड्या, पडणं आणि विनोद यांत खुलतात. लाउ यांच्या लढतींत हाताची ठेवण, पवित्रा आणि हत्याराची जात यांना महत्त्व. पाच मिनिटं पाहून कोण कुठल्या वाटेचा ते ओळखता यायला लागलं की निम्मी गोडी तिथेच लागते.

लाउ यांचा १९७८ चा ‘हीरोज ऑफ द ईस्ट’ या सगळ्याचा सर्वोत्तम पाठ आहे, आणि त्याची कथा तर हसण्यासारखी पातळ आहे. चिनी नवरा, जपानी बायको, दोघांनाही आपापल्या युद्धकलेचा अभिमान. घरातलं भांडण पेटतं, गैरसमज होतो आणि जपानहून सात उस्ताद नवऱ्याला आव्हान द्यायला येतात. बस्स. पुढचा चित्रपट म्हणजे रोज एक उस्ताद, रोज एक हत्यार. कोणीही मरत नाही.

प्रत्येक लढत म्हणजे एक कोडं आहे. समोर कटाना ही जपानी तलवार: एकधारी, दोन हातांनी चालवायची, वारात ताकद प्रचंड. नवरा त्याच्यासमोर सरळ, दुधारी, हलकी चिनी तलवार घेतो. ती एका हाताने चालते. तिने कटानाचा वार समोरून अडवायला गेलं तर मनगट जाईल. म्हणून पातं पात्याला टेकवून वार बाजूला सरकवायचा आणि टोकाने मनगट, कोपर शोधायचं. भाल्यासमोर भाला येतो तेव्हा फरक दांड्यात असतो. जपानी भाल्याचा दांडा ताठ. चिनी भाल्याचा लवचीक लाकडाचा, त्यामुळे टोक थरथरतं आणि नेमकं कुठे येणार ते कळत नाही. पात्याखालचा लाल गोंडाही नजर चकवायच्या कामाचा. कराटेसमोर नवऱ्याजवळ उत्तरच नसतं. मग ‘दारुड्याची’ शैली शिकण्यासाठी तो एका बेवड्या म्हाताऱ्या उस्तादाला लोकांशी भांडायला लावतो आणि लांबून त्याच्या हालचाली टिपून घेतो. तो म्हातारा स्वतः लाउ कार-लिउंग. ताठ, सरळ रेषेतल्या ठोशांना झुकणारं, घसरणारं अंग हे उत्तर, हे प्रेक्षकाला कोणी बोलून सांगत नाही. ते डोळ्यांसमोर घडतं.

आता लढत पडद्यावर उभी कशी राहते ते जरा जवळून पाहू, कारण खरं कसब इथे आहे.

हॉलिवूडची नेहमीची रीत अशी: पूर्ण लढत एकदा लांबून चित्रित करायची, मग तीच जवळून, मग खांद्यावरून, आणि संकलकाने नंतर तुकडे निवडायचे. हाँगकाँगचा फाइट मास्टर असं करत नाही. लढत त्याच्या डोक्यात आधीच कापलेली असते. पाचसहा हालचालींचा एक तुकडा, कधी पंधरा-वीसचा. त्या तुकड्याला सोयीची कॅमेऱ्याची एकच जागा. तो मनासारखा झाला की पुढचा तुकडा, नवी जागा. प्रत्येक वार जिथून सर्वांत नीट दिसेल तिथूनच दिसतो. बदल्यात वेळ लागतो. शेवटच्या मोठ्या लढतीला काही आठवडे, कधी महिने जात. गोष्टीवर वाचवलेला वेळ इथे खर्च होतो.

चौकटीत शक्यतो डोक्यापासून पायापर्यंत माणूस हवा. लाथेचा जोर कमरेतून आणि टेकलेल्या पायातून येतो. तो पाय कापला की लाथ खोटी दिसते. ठोसा गालाच्या रेषेत जाताना कॅमेरा अशा कोनात ठेवतात की मुठीतलं आणि गालातलं अंतर दिसू नये. छाती-पोटावरचे वार मात्र पुष्कळदा खरेच बसतात, कपड्यांखाली गादी बांधून. कपड्यांवर पावडर भुरभुरलेली असते, म्हणजे वार बसला की धुळीचा छोटा ढग उठतो आणि नेमका कुठे बसला ते शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळतं.

मग येतो कट. लांबून घेतलेल्या शॉटमध्ये लाथ छातीवर बसते. लगेच जवळचा शॉट लागतो, पण तो वार बसण्याच्या दोनतीन फ्रेम आधीपासून. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे तीन फ्रेम हा सेकंदाचा आठवा भाग. तेवढी हालचाल दोनदा दिसते. डोळ्याला ती पुनरावृत्ती कळत नाही, वार मात्र दुप्पट जड वाटतो. आजचे बरेच संकलक उलट करतात, वार बसण्याआधीच कापतात आणि पुढच्या शॉटमध्ये माणूस पडलेला दाखवतात. वेग वाटतो, मार वाटत नाही.

वेगासाठी वेगळी युक्ती आहे. कॅमेरा किंचित हळू फिरवायचा आणि पडद्यावर नेहमीच्या गतीने दाखवायचं. सेकंदाला २२ फ्रेमने चित्रित केलं तर हालचाल साधारण ९ टक्के जलद दिसते, २० ने केलं तर २० टक्के, १८ ने केलं तर थेट ३३ टक्के. बावीसपर्यंत सहसा पकडलं जात नाही. अठराला गेलात की चोरी उघडी पडते: झग्याची कड झटके देत हलते, उडालेली माती फार पटकन खाली बसते, मागचा बघ्या तुरुतुरु चालतो. वेग खरा की उसना हे तपासायचं असेल तर मुठीकडे बघू नका, कपड्याच्या टोकाकडे बघा.

आणि ताल. चित्रपट-अभ्यासक डेव्हिड बोर्डवेल यांनी दाखवून दिलं की या लढती ‘थांबा, उसळी, थांबा’ अशा लयीत बांधलेल्या असतात. दोघं पवित्र्यात स्तब्ध. मग सात-आठ वारांची सरबत्ती. मग पुन्हा स्तब्ध, बहुधा शेवटचा वार अडवलेल्याच अवस्थेत. ही रीत थेट ऑपेराच्या रंगमंचावरून आली आहे. तिथे ढोल-झांजांच्या ठोक्यावर नट अंग गोठवून उभा राहतो. तबल्याची तिहाई समेवर येते तेव्हा आपली मान जशी आपोआप हलते, तसंच इथे होतं. वार कुठे संपणार हे कानाला आधी कळतं, मग डोळ्याला. ते ‘ठाक’, ‘ढिश्श’, झग्याची फडफड हे आवाज साठवलेल्या संग्रहातून काढून चढवलेले असतात आणि त्यामुळे चित्रपटामागून चित्रपट तेच ऐकू येतात. लयीच्या दृष्टीने त्यांचं काम तालवाद्याचं आहे. विश्वास बसत नसेल तर एखादी लढत आवाज बंद करून पाहा. तिचा जोर निम्म्याने उतरतो.

शिकण्याचा भाग हा या चित्रपटांचा दुसरा खांब. लाउ यांच्याच १९७८ च्या ‘थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’मध्ये नायक मठात शिरतो आणि चित्रपटाचा मोठा मधला भाग नुसता सराव चालतो. मठात आधी ३५ कक्ष. नायक आगाऊपणे सर्वांत वरच्या कक्षापासून सुरू करतो आणि तिथून हाकलला जातो. मग सर्वांत खालचा: जेवणघरात जायचं तर पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यांच्या मोळीवरून जायचं. घसरला की भिजलेल्या कपड्यांनी उपाशी. पुढे पाण्याच्या बादल्या हात ताणून वाहायच्या. दंडाला आतून पाती बांधलेली, हात खाली आला तर स्वतःच्याच कुशीत घुसणार. डोळ्यांसाठी, मनगटासाठी, डोक्यासाठी वेगवेगळे कक्ष. प्रत्येक कक्षात काय शिकायचं, ते का जमत नाही आणि जमतं तेव्हा शरीरात काय बदललं, हे बघणाऱ्याला स्वच्छ कळतं.

याचा उपयोग नंतर होतो. नायक जोड-तलवारी चालवणाऱ्या एका वरिष्ठ भिक्षूशी पुन:पुन्हा लढतो आणि पुन:पुन्हा हरतो. शेवटी बांबूच्या बनात त्याला तीन तुकडे साखळीने जोडलेल्या काठीची कल्पना सुचते. मधला तुकडा अडवायला, टोकाचे दोन मारायला आणि गुंडाळायला. दोन पात्यांना एकाच वेळी उत्तर. तोवर प्रेक्षकाने इतका सराव पाहिलेला असतो की ती काठी फिरताना हात कुठे आणि का जातोय हे त्याला कळतं. प्रशिक्षणाचे प्रसंग म्हणजे खरं तर प्रेक्षकाचं प्रशिक्षण. न्यूयॉर्कच्या वू-टँग क्लॅन या रॅप गटाने १९९३ च्या आपल्या पहिल्या अल्बमच्या नावात हे छत्तीस कक्ष घेतले. भाषा, इतिहास, धर्म यांतलं काही ओळखीचं नसलेल्या पोरांपर्यंतही तो सराव पोचला होता.

फसतात तेही पुष्कळ. १९७३ मध्ये ब्रूस ली गेल्यावर ब्रूस ली, म्हणजे दुसरेच ब्रूस ली, ब्रूस ले, ड्रॅगन ली अशा नावांचे नट उभे करून स्वस्तातले चित्रपट काढले गेले. त्यांत कथा पातळ असते आणि लढतही पातळ. पहिल्या मिनिटाला जे वार, तेच दहाव्या मिनिटाला. नाक खाजवणं, किंचाळणं उसनं आणलेलं. अंतराचा हिशेब मात्र कोणी केलेला नसतो. दुसरा ठरलेला दोष म्हणजे गोल करून उभे राहणारे गुंड, जे आपली पाळी येईपर्यंत मुठी हलवत थांबतात. चांगला फाइट मास्टर त्यांना थांबायला कारण देतो. अरुंद दरवाजा, आडवं पडलेलं बाक, मध्ये लोळणारा त्यांचाच साथीदार. एक जण उठेपर्यंत दुसरा पोचलेला. १९८५ च्या ‘पोलीस स्टोरी’तली मॉलमधली मारामारी या नजरेने पाहा. काचेची कपाटं आणि सरकते जिने एका वेळी किती माणसांना जॅकीपर्यंत पोचू देतात, ते मोजा. काचा इतक्या फुटल्या की स्टंटवाल्यांनी चित्रपटाचं नावच ‘ग्लास स्टोरी’ पाडलं होतं.

कथेवाचून चित्रपट किती उभा राहू शकतो, याची परीक्षा मात्र एका अपघाताने झाली. लाउ यांच्या ‘एट डायग्राम पोल फायटर’चं काम चालू असताना जुलै १९८३ मध्ये त्यातला एक मुख्य नट अलेक्झांडर फू शेंग मोटार अपघातात गेला. त्याचं पात्र म्हणजे दगाबाजीत बहुतेक भाऊ गमावून वेडा झालेला एक भाऊ. ते पात्र चित्रपटाच्या मध्यातून नुसतं नाहीसं होतं. पटकथा मोडलेली स्पष्ट दिसते. पण मठात पळालेला दुसरा भाऊ लाकडी लांडग्यांच्या पुतळ्यांचे दात काठीने पाडायचा सराव पाहतो, करतो, आणि शेवटी शवपेट्यांच्या ढिगावर तेच तंत्र जिवंत शत्रूंवर चालतं. राग, दुःख, संयम सुटणं हे सगळं काठीच्या वापरातून येतं. १९८४ मध्ये आलेला हा चित्रपट आज लाउ यांच्या उत्तम कामांत धरला जातो.

पाहायला सुरुवात करायची असेल तर आधी प्रत तपासा. शॉचे चित्रपट २.३५ : १ अशा रुंद चौकटीत चित्रित झाले. जुन्या टीव्हीच्या १.३३ : १ चौकटीत ते कापून बसवले की चित्राचा सुमारे ४३ टक्के भाग जातो, आणि जाणाऱ्या भागात बहुधा समोरचा पैलवानच असतो. व्हीसीआरच्या काळात ज्यांनी हे चित्रपट पाहून ‘हवेत हात फिरवतात नुसते’ असं ठरवलं, त्यांनी खरोखरच हवेत फिरणारे हात पाहिले होते. डावी-उजवीकडची माणसं पूर्ण दिसत नसतील तर ती प्रत सोडा.

मग क्रम. ‘हीरोज ऑफ द ईस्ट’ पहिला, कारण तो स्वतःच शिकवतो. नंतर ‘थर्टी-सिक्स्थ चेंबर’. विनोद हवा असेल तर युएन वू-पिंग यांचा १९७८ चा ‘ड्रंकन मास्टर’, ज्यात जॅकी चॅन आहे आणि त्याच्या बेवड्या गुरूचं काम दिग्दर्शकाच्या वडिलांनीच केलंय. पुढे ‘द मेट्रिक्स’च्या लढती बसवल्या त्याही याच युएन वू-पिंग यांनी. १९८४ चा ‘व्हील्स ऑन मील्स’ नंतरसाठी ठेवा. त्यात जॅकीसमोर बेनी उर्किडेझ हा खराखुरा किकबॉक्सिंगचा विजेता आहे. त्याची एक लाथ हुकते आणि तिच्या वाऱ्याने ओळीने ठेवलेल्या मेणबत्त्या विझतात. जॅकी हरायला लागतो, मग मध्येच खांदे सैल सोडतो आणि सरावाला उतरल्यासारखा खेळायला लागतो. ती लढत पहिल्यांदा पाहताना उर्किडेझवर लक्ष ठेवा आणि दुसऱ्यांदा फक्त जॅकीच्या खांद्यांवर.